बुटातली चवळी

शिर्केकाकू वर्गात आल्या की आधी मुलींना बूट काढायला लावायच्या. पिशवीतली कच्ची चवळी त्या मूठमूठ बुटांत टाकायच्या, जुन्या चष्म्यांना खोबरेल तेल फासायच्या आणि म्हणायच्या, "घाला हे. आता चालत या आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचा. लवकर!" मुली ठेचकाळायच्या, चिडायच्या. काकू खुशीत. "मग? आता कुणाला घाई आहे?"

मी बडोद्यात नर्सिंग शिकवते. काकू मांजलपूरला माझ्या शेजारी. निवृत्तीनंतर टीव्हीसमोर बसून कंटाळल्या होत्या, म्हणून मुलींना रक्तदाब मोजायच्या सरावासाठी मी त्यांना वर्गात नेलं. पहिल्या वर्षाच्या जिग्नाने त्यांना दंडाला धरून बसवलं आणि गुजरातीत आजीला म्हणतात तसं 'बा' म्हणत मला विचारलं, "मॅडम, बा जेवल्या का?"

"मला विचार ना! तोंड माझं आहे," काकू कडाडल्या. "आणि न विचारता हात धरायचा नाही. बा घरी, इथे टीचर."

तेव्हापासून दर गुरुवारी कडक इस्त्रीची साडी नेसून त्या खरंच शिकवायला येऊ लागल्या.

मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. "काकू, आता वर्ग पुरे, आराम करा," असं मी म्हटलं आणि त्या माझ्यावरच उखडल्या. "दोन वर्षं चवळी घालून खोटं म्हातारपण शिकवलं. आता खरं आलंय, तर घरी बसू? पुन्हा टीव्ही बघत?" त्यांचे डोळे भरले होते. मी ओशाळले. त्यांना काय हवंय, ते मी विचारलंच नव्हतं.

बऱ्या झाल्यावर पहिल्याच गुरुवारी त्या वॉकर घेऊन आल्या. वर्गाला तीन पायऱ्या आहेत. वॉकर खाली ठेवून त्यांनी कठडा धरला. पहिल्या पायरीला इतका वेळ लागला की माझेच हात शिवशिवले. दारातली एकही मुलगी पुढे आली नाही. दुसरीवर थांबून काकूंनी पदराने घाम पुसला. तिसरीला पाय उचलेना.

"जिग्ना, ये गं."

जिग्ना धावली आणि एक पायरी वर थबकली. "टीचर, कुठला हात देऊ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अभिमानाने एवढा फुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"उजवा," काकू म्हणाल्या आणि वर आल्या. खुर्चीत बसून, दम खाऊन वर्गाकडे वळल्या.

"आज चवळी आणलेली नाही. वह्या काढा."