फहमिदाबाईंचा कांदा

आमच्या मुळशीच्या शाळेत विज्ञान शिकवायला फहमिदाबाई रोज पौडहून यष्टीने यायच्या. पौडच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं, कमरुद्दीनचाचांचं, कांदे-बटाट्याचं दुकान. त्यामुळे पेशी शिकवायच्या असोत नाहीतर रंध्रं, बाईंच्या पिशवीतून कांदाच निघायचा. पुस्तकातलं वाक्य त्या अगदी पुस्तकासारखं म्हणायच्या, स्वच्छ आणि ठणठणीत. पण काही नवीन दिसलं की आवाज वर चढायचा आणि भाषा थेट बाजारात उतरायची, "आरं, हे काय हाय? बगू, बगू!" मेलेला भुंगा असो की जळका बल्ब, बाई तो उघडून बघणारच.

चौऱ्याऐंशी साली, आम्ही नववीत असताना, त्यांनी फळ्यावर पीळ घातलेली शिडी काढली. "हा डीएनए. प्रत्येक पेशीत असतो. आईबापाचे गुण लेकरांत उतरतात ते याच्यामुळे."

मागच्या बाकावरून बहिरू म्हणाला, "बाई, तुमी बगितलाय?"

खडू थांबला. "न्हाई रे," बाई म्हणाल्या. "कॉलेजातसुद्धा नुसती चित्रं काढली. दरवर्षी ही शिडी काढते, पण बघितला मात्र न्हाई."

झालं! बाईंच्या डोक्यात ते बसलंच. पुण्याला जाऊन त्यांनी आपल्या जुन्या प्राध्यापकांकडून कृती आणली. कांदा, मीठ, कपडे धुवायची पावडर आणि गार स्पिरिट. एवढ्यावर धागे नुसत्या डोळ्यांना दिसतात म्हणे.

स्पिरिट दवाखान्यातल्या जयसिंग कंपाउंडरकडे. तो नाकातून बोलायचा. "बाईऽ, तुमच्या घरात हे चालतं व्हय?"

"मला न्हाई, कांद्याला पाजायचंय."

त्याने एक छोटी बाटली दिली. "हीच. दुसरी दिवाळीनंतर."

म्हणजे पुरवून वापरलं तर दोनदा करून बघता येईल. त्यात जमलं नाही तर बसा फळ्यावर शिड्या काढत. बर्फ दिला नसीरने. तो धरणातले मासे पुण्याला पाठवायचा. त्याच्या खोक्यात, मरळ माशाच्या शेजारी, बाटली रात्रभर गार झाली.

शनिवारी सकाळी सगळा वर्ग प्रयोगशाळेत. बाईंनी कांदा बारीक चिरला, मिठाच्या आणि पावडरीच्या पाण्यात घातला, भांडं गरम पाण्यात ठेवलं, मग फडक्याने गाळलं. खाली पांढुरका रस उतरला. "तुळजाबाई, एवढं जरा हलवून ठेवा," म्हणत त्या व्हरांड्यात ठेवलेल्या नसीरच्या खोक्यातून बाटली आणायला गेल्या.

तुळजाबाई आमच्या शाळेच्या शिपाईबाई. मुख्याध्यापक हैबतराव सरांना दुपारी ताक लागायचं, म्हणून त्यांची रवी शाळेतच असायची. पांढुरका रस बघितला आणि तुळजाबाईंनी भांडं पायांत धरलं. घर्रर्र, घर्रर्र!

"मावशी, नुसतं हलवायला सांगितलंय!" आम्ही ओरडलो.

"गप ए! घुसळल्याबिगर काय वर येतंय व्हय कुटं?"

फहमिदाबाई परत आल्या तेव्हा फेस काठावरून ओघळत होता. तरी त्यांनी अर्धं स्पिरिट ओतलं. आम्ही डोळे फाडून बघत राहिलो. फेसच फेस. धागा नाही, दोरा नाही.

तुळजाबाईंनी रवी मागे लपवली. बाई रागावल्या नाहीत. भांड्यात नाक घालून पुटपुटायला लागल्या, "का न्हाई? का न्हाई बरं?" मग एकदम ताठ झाल्या. "तुळजाबाई, शिजलेल्या शेवया रवीने घुसळल्या तर काय होईल?"

"काय व्हनार? पीठ!"

"तेच झालं! लांब धागे आहेत ते, तुटले सगळे."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय, बाई?"

दुसरा कांदा. आता भांड्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गाळलेला रस काचेच्या नळीत घेतला. बाईंनी नळी तिरकी धरली आणि उरलेलं स्पिरिट कडेकडेने सोडलं, तान्ह्या पोराला चमच्याने दूध पाजावं तसं. स्पिरिट वर तरंगलं. बहिरूला खोकला आला, तो त्याने गिळला.

मग दोन थरांच्या मधे धुकं दिसलं. त्यातून पांढरे, बारीक तंतू उठले, एकमेकांत गुंतत वर यायला लागले. बाईंनी बांबूची काडी घालून हळूच फिरवली. तंतू काडीला गुंडाळले गेले, वर उचलले तरी लोंबत राहिले.

बाईंचा आवाज चढला नाही. काडी खिडकीशी नेऊन त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. शेवटी तुळजाबाईंनाच राहवलं नाही. त्या पुढे झाल्या, एक डोळा मिटून बघितलं.

"ह्ये व्हय तुमचं ते? शेंबडावानी दिसतंय की!"

वर्गात हशा फुटला. दारातून हैबतराव सर गरजले, "काय गोंधळ आहे? तास संपला, फहमिदाबाई!"

"आलेच, सर," बाई म्हणाल्या. जागच्या हलल्या मात्र नाहीत. "शेंबडावानीच हाय वो, तुळजाबाई. पन लई लांब हाय! हितं या, हितनं बगा."