गाणं सुरू व्हायच्या आधी

"थांब पोरी, सा येऊन राहिला," असं म्हणत बुवा तळहात वर धरायचे. दूधवाली असो, नाहीतर बाबांचा निरोप घेऊन गेलेली मी असो, तंबोरा जुळेपर्यंत दारातच उभं राहायचं. पहिल्या वेळी मी वळून रस्ता न्याहाळला. एवढी वाट पाहायला लावणारा हा सा घोड्यावरून येतो की दमणीतून, ते मला बघायचं होतं. माझी अक्कल तेव्हापासूनच अशी तेजस्वी.

अमरावतीला आमच्या शेजारच्या ओट्यावर ते ध्रुपद शिकवत. जुनं, संथ गाणं. आधी शब्दांवाचून लांबलचक आलाप, मग कुठे पखवाजावर थाप. त्याच वर्षांत साता समुद्रापलीकडे लढाई लागली, आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं आणि सुरावर बसवलेले शिष्य एकेक करून उठून दलालीला लागले.

"हे माह्यासंगंच जाईन, पाटील," बुवा बाबांना म्हणत. "कोनाच्या तरी गळ्यात ठेवाले पायजे."

अकोल्याच्या एका शेठनं नवं देऊळ बांधलं होतं. गाणं मंडळींना आवडलं तर देवळाची ओसरी शिकवायला मिळेल, असं बाबांनी ठरवून आणलं. गाडीत बाबा, बुवा, तंबोरा आणि हट्टानं चढलेली मी.

देवळाच्या मंडपात बुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला. मंडळी शब्दांची वाट बघत बसली. शब्द येईनात. शेठच्या माणसानं हळूच ज्येष्ठमध पुढे सरकवला. बुवांनी तो न बघताच मागे माझ्या हातात दिला. मग खडीसाखर आली, तीही माझ्याकडे. शेवटी शेठच हात जोडून उभे राहिले. "बुवासाहेब, घसा बसला असन तर राहू द्या. सकाई म्हना."

बाबा कानाशी लागले, "बुवा, या ना पखवाजावर! ओसरी चालली."

"येतो ना. रागाले अर्ध्यात टाकून कसा येऊ?"

ते पखवाजावर आले तेव्हा मंडप रिकामा होता. मी तेवढी बसून होते. खडीसाखरेमागून दूध यायचं बाकी असेल, असा माझा हिशोब.

परतताना बुवा म्हणाले, "सारे उठले, हे नाई उठली. हिलेच शिकवतो."

"पोरीच्या जातीले गानं? लोक काय म्हनतीन?"

"लोक कापूस इकून राहिले, पाटील. त्यायले फुरसत कुठं?"

आई अंगणात चरकीवर कापसातली सरकी काढायची, चरकीच्या करकरीच्या आडोशाला मी शिकू लागले. राग एकच. मी इतकी बेसूर की आमचं वासरू दावं तोडायला बघे. तरी बुवा चिडले नाहीत. राग अर्ध्यावर आला आणि माझं लग्न ठरलं.

सासरी निघाले तेव्हा बुवा गाडीच्या चाकाशेजारून चालत आले. रागातली उरलेली एकेक जागा ते हलक्या आवाजात म्हणत होते आणि मी पदराआड ती घोळवत होते. सासूबाईंना वाटलं मी हुंदके देतेय. "रडू नको माय, आमी काई वाघ नाई," त्या म्हणाल्या.

ओढ्यापाशी बुवा थांबले. गाडी पाण्यात उतरली. त्यांनी काठावरून शेवटची जागा म्हटली. मी पलीकडे पोचून, पदर बाजूला सारून, नव्या माणसांदेखत ती मोठ्यानं घेतली. वारा उलटा होता. त्यांना ऐकू गेली की नाही, कोण जाणे.

पहिल्या सणाला माहेरी आले तेव्हा बुवा देवाघरी गेलेले होते. त्यांच्या ओट्यावर छतापर्यंत सरकीची पोती रचली होती.