मिग्गिनचा घाईचा बाप्तिस्मा

उत्तर आफ्रिकेत, नुमिदियातल्या आमच्या गावात ऑलिव्हचा घाणा चालवणाऱ्या मिग्गिनने निम्म्या गावाचे दात पाडले होते. बाप्तिस्मा तो मुद्दाम लांबवत आला होता. मरताना घेतला की सगळी पापं एकदम धुतली जातील, असा त्याचा बेत. “मनात आणलं तर आजही हात आवरेन,” असं तो गुत्त्यात छाती ठोकून सांगे. शेजारचा नाम्फामो म्हणे, “देवाच्या कृपेशिवाय तुझं बोटही आवरायचं नाही!”

मग ताप चढला. आता मरतो म्हणून घाईने बाप्तिस्मा उरकला, आणि मेला खडखडीत बरा झाला! बाप्तिस्मा मिळतो एकदाच; आता एक गुद्दा मारला तरी थेट नरक.

नाम्फामो लगेच दारात हजर. “आण की आता मनात!” म्हणत त्याने पहिल्या ठोशात मिग्गिनचं नाक फोडलं, दुसऱ्यात ओठ. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा रक्ताने भिजला. मिग्गिनची मूठ वळली, वर उठली.

तेवढ्यात त्याची बायको बिरिक्ता मुसळ घेऊन धावली. “अहो, सरका बाजूला. माझा बाप्तिस्मा व्हायचाय अजून!” एका दणक्यात तिने नाम्फामोचा जबडा निखळवला.

मिग्गिनने मूठ सोडली, तुटका दात थुंकला आणि आडव्या पडलेल्या नाम्फामोला म्हणाला, “तुझंच खरं रे बाबा. माझ्याच्याने नसतंच आवरलं. ही कृपाच!”