न पाहिलेल्या दगडाचा आकार

आईला मोतीबिंदू झाल्यापासून वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. ऑपरेशनची तारीख तिनं दोनदा मोडली होती. एकदा उन्हाळा आहे म्हणून, एकदा पिशोरहून मावशी येणार म्हणून. मावशी आलीच नाही. डॉक्टर मला म्हणाले होते, आता फार थांबू नका.

त्या दिवशी एका लघुग्रहाची बातमी होती. आपल्या वर्षाहून कमी दिवसांत सूर्याभोवती फिरणारा, लांबुळका, खडकाळ दगड. काही वर्षांनी पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार आणि तिच्या ओढीनं त्याची वाटही थोडी बदलणार. आदळणार मात्र नाही.

"तिथं कुणी गेलं व्हतं का?" आईनं विचारलं.

"नाही. दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो."

"मग लांबुळका हाय हे कसं कळालं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मला उत्तर देता येईना. चिडले, मग वाचत बसले. दगड स्वतःभोवती फिरताना लांब बाजू आपल्याकडे आली की ठिपका उजळतो, टोक आलं की मंदावतो. त्यावरूनही आकार ताडतात. मला इतका आनंद झाला की दुपारी मी एक खिडकी सोडून सगळ्या लावल्या, लांबट बटाटा दाभणाला टोचला आणि उन्हाच्या तिरिपीत हळूहळू फिरवला. आई समोरच्या भिंतीला टेकून बसली होती.

"उजेड... कमी... परत उजेड," ती म्हणत गेली. मग खुशीत म्हणाली, "लांबट हाय. एकीकडं चेपलाय."

खरंच चेपलेला होता. मी टाळी वाजवणार, तोच ती म्हणाली, "बघ, दिसत नाय तरी कळतंच की. मग डोळा कशाला चिरायचा?"

मी कपाळाला हात लावला. हे निमित्त तिला मीच शिकवलं होतं!

"कळतंय म्हणून ते लोक थांबलेत का?" माझा आवाज चढला. "जवळ आला की नीट बघायला यान पाठवणारेत. मी रोज तुझ्या इतक्या जवळ बसते. माझे केस पांढरे झालेत, दिसलं तुला?"

आईनं चाचपडत माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"पांढरे? तुझे? हाताला तर तसेच लागतेत गं."

मला रडू आवरेना. ती बराच वेळ केसांवर हात ठेवून होती.

मग म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव. उद्याची तारीख मिळंल का, इचार."