माती नोको, हळद म्हण

माझं लग्न नागभीडला, नवऱ्याकडच्या मांडवात होतं, आणि ऐन निघायच्या दिवशी आई म्हणाली, "मी नाई येत." आता बोला!

तिचं वाकडं होतं ट्रकाशी. मामाचा ट्रक लढाईच्या वेळचा, लष्करानं विकलेला जुना. आमच्या धानोऱ्याहून तो हिरडा-बेहडा न्यायचा, म्हणून माल भिजू नये यासाठी मागं टिनाचा टप ठोकलेला, सगळीकडून बंद. आई लहानपणी लपाछपी खेळताना धानाच्या ढोलीत शिरली होती आणि वरचं झाकण बसलं होतं. तेव्हापासून बंद अंधारात तिचा जीव गुदमरायचा. आम्ही निघेपर्यंत दिवस मावळणार होता. कंदील टांगावा तर बसायला खाली धानाची वाळली तणीस अंथरलेली. एक ठिणगी पडली की वऱ्हाडाचा भडका!

"आई नाई तं मी बी नाई," मी सांगून टाकलं. मामानं कपाळावर हात मारला आणि टपात विजेचा दिवा बसवायला घेतला. बाकी सगळे पुऱ्या तळण्यात, म्हणून बल्ब आणि तार घेऊन मीच वर चढले. काकू ओरडल्या, हळद लागलेली पोरगी मांडवाबाहेर पडत नसते. "मंग तुमी चढा!" म्हटलं. कोणी चढलं नाही.

मामानं बॅटरीपासून एक तार बल्बापर्यंत आणली. दुसरी ट्रकाच्या लोखंडालाच जोडायची, की झालं. मेकॅनिक लोक याला 'अर्थ देणं' म्हणतात. इंग्रजीत अर्थ म्हणजे माती, म्हणून मामा त्याचं मराठी करायचा. ट्रकाखालून तो गरजला, "दे पोरी, माती दे त्याले!"

आई नेमकी तिथंच उभी. माती देतात ती मसणात. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "भाऊ, पोरीच्या लग्नात माती देतं काय रे? आता तं मी मुळीच नाई येत!"

"बाई, तारेले म्हणून राह्यलो ना!" मामा खालून बाहेर आला, तोंडभर काळं ऑईल. पण ती ऐकते कुठली! माझं डोकंच फिरलं. "मामा, माती नोको म्हणू! हळद लाव म्हण!"

आई थबकली. मामानं संधी सोडली नाही. "लाव पोरी, लाव त्याले हळद!" मी कानशीनं लोखंडी पट्टीवरचा रंग खरवडला, तार स्क्रूखाली दाबली, आणि बल्ब पेटला. बाया हसून हसून लोटपोट. आईनं खरंच चिमूटभर हळद आणून त्या स्क्रूला लावली, पदर खोचला आणि वर चढली.

वाटेत गाणी म्हणून बाया दमल्या, पेंगायला लागल्या. एका नाल्यापाशी मामानं इंजिन बंद केलं, रेडिएटरात पाणी भरलं आणि मागं आला. "बाई, बॅटरी उतरून जाईन. उभे हाओत तोवर दिवा बंद करू काय? दार उघडं ठेवतो, जीव नाई घाबरणार."

"जीव नाई घाबरून राह्यला, भाऊ," आई म्हणाली. धानोऱ्यापासून तिची नजर माझ्यावरच होती. "पण जळू दे. उद्यापासून कुठी दिसते मले हे?"