चुन्याच्या रेघेवरचे खड्डे

मी वीजकंपनीत सुपरवायझर. लालबागच्या आमच्याच गल्लीत नवी केबल मी उभा राहून टाकून घेतली. केबलच्या खालीवर वाळू आणि त्यावर विटांची रांग, म्हणजे उद्या कुणी पहार मारलीच तर ती आधी विटेवर बसावी आणि खणणाऱ्याने हात आवरावा.

गणपती मंडळाचा अध्यक्ष माझा लहानपणापासूनचा दोस्त. मांडवाचे खड्डे खणायच्या आधी म्हणाला, "केबल कुठून जाते दाखव रे, तेवढी जागा सोडतो." मला केवढं बरं वाटलं! मी स्वतः वाकून चुन्याची रेघ मारून दिली.

त्याच आठवड्यात गल्लीतली वीज गेली. जाऊन बघतो तर खड्डे नेमके माझ्या रेघेवर. बाकीचा रस्ता दगडासारखा आणि इथली माती नुकतीच भरलेली, मऊ. त्यासाठीच मेल्याने जागा विचारली होती!

कंपनीतले माझे साहेब आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून अध्यक्ष त्यांना म्हणाला, "ह्याला बोलू नका हो, पण खाली विटा नव्हत्याच."

मी मांडवाच्या बांबूंकडे बघत होतो. ते हलू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी माझ्याच विटा ठोकल्या होत्या.