तिच्यापुरतं टाचण

मी मिशी उतरवली आणि अख्खं गाव माझ्या वडिलांसाठी हळहळलं.

"गुरुजी, कधी झालं वो हे? आमाला सांगावा बी न्हाई?" वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याने डोक्यावरचा भारा खाली ठेवून विचारलं.

"अहो, वडील ठणठणीत आहेत!"

"मंग मिशी कशापायी काढली?"

वर्गातल्या एका मुलीपायी, हे त्याला कसं पटावं?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. अकोले तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत मी नवा होतो. नऊ वर्षांची एक मुलगी पहिलीत तिसऱ्यांदा बसली होती. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. बोलायची, पण ओरडून. हेडगुरुजींनी मला बजावलं होतं, "तपासणीला साहेब तिलाच विचारतील. उत्तर आलं तर दुसरी, नाहीतर नाव कमी."

म्हणून रोजच्या पाठांच्या टाचणवहीशेजारी मी तिच्यापुरती दुसरी वही घातली. जागा अगदी पुढची. उजेड माझ्या तोंडावर. शब्द आधी ओठांवर, मग पाटीवर. मिशीत ओठ दिसेनात, तेव्हा मिशीला रजा! पाच महिन्यांत ती माझे ओठ वाचायला लागली आणि मी फुशारून गेलो.

तपासणीच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. काय ती मिशी! वरचा ओठ नाहीच, खालचाही अर्धा गडप.

साहेबांनी तिला उभं केलं. "सात नि आठ किती?"

ती नुसती मिशीकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मी पुढे सरकलो, तर हेडगुरुजींनी मागून सदरा ओढला. "मध्ये बोलू नका!"

साहेबांनी हजेरीपट उघडला. पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ती जागेवरून निघाली. थेट टेबलापाशी गेली, साहेबांपुढे पाटी आपटली आणि पेन्सिल त्यांच्या हातात कोंबली. हेडगुरुजींनी डोळेच मिटून घेतले. माझ्या कुठल्याच टाचणात हे नव्हतं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सावकाश लिहिलं, ७ + ८.

"पंधरा!" ती ओरडली. व्हरांड्यातलं कुत्रं दचकून पळालं.

साहेबांनी आणखी एक ओळ लिहिली : घरी म्हशी किती?

"दोन! एक भाकड हाय!"

साहेब हसले असावेत. दिसायला मार्ग नव्हता. "बसवा दुसरीत," ते म्हणाले.

आता ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगायला गेलो, तर माझे ओठ असे थरथरायला लागले की तिला काही उमगेना. शेवटी मीच पाटी घेतली आणि लिहिलं, दुसरी.

तिने वाचलं, पाटी पुसली, दप्तर उचललं आणि कुणाला न विचारता दुसरीच्या बसकरावर जाऊन बसली.